पाइप वाळेपर्यंत

६ जानेवारी २०२५, सोमवार

“पाइप वाळना का येसू घर.”

आप्पा, म्हणजे माझे वडील, दारातून एवढंच म्हणायचे आणि सायकलवर टांग मारायचे. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या आगीच्या बंबावर ते होते. कॉलनीतल्या इतर मुलींचे वडील पाळी संपली की घरी यायचे. माझे वडील पाइप वाळला की यायचे.

माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ते सकाळीच कुठल्याशा आगीवर गेले होते. मी शाळेत पहिली आले होते. संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिले. ते आले दुसऱ्या दिवशी दुपारी. अंगात धुतलेला सदरा, हातात पेढ्यांचा पुडा आणि तोंडभर हसू. उशीर झाला याचं इतकं नाही, पण ते हसू मला फार लागलं. मी पेढा घेतला नाही. या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. आप्पांना जाऊनही आठ वर्षं होतील.

आज हे सगळं वर आलं ते एका पत्रामुळे. आमच्या गावच्या नगरपालिकेने कॉलेजला लिहिलंय: अग्निशमन केंद्रातल्या बारा कर्मचाऱ्यांच्या मनावर कामाचा किती ताण आहे, ते तो कसा पेलतात, याची तपासणी करून द्यावी. मानसशास्त्र शिकवणारी कॉलेजात मी एकटी. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

घरी मायला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, “जाय. पन त्यासले काही इचारू नको.”

“माय, मन्हं कामच इचारानं शे.”

“मंग शेंगा लई जाय,” ती म्हणाली.

८ जानेवारी

केंद्रावर गेले. पाण्याच्या टाकीच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, एक मोठी गाडी, एक छोटी, आणि मागे लोखंडी मनोरा. त्यावर जाड कापडाचे ओले पाइप उभे टांगलेले. बाहेरून पाहिलं तर एखाद्या राक्षसाने धोतरं वाळत घातल्यासारखे.

प्रमुख दोधूभाऊ. चोपन्न वर्षांचे, मिशी पांढरी, भुवया मात्र काळ्याभोर. गाडी चालवणारे चुनीलालभाऊ गप्पिष्ट आहेत. उदेसिंग तोरणमाळकडचा, सव्वीस वर्षांचा, पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलतो. आणि काजल, केंद्रातली पहिली मुलगी, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. बाकीच्यांची नावं हळूहळू लक्षात राहतील.

चाळीस प्रश्नांचे कागद वाटले. सगळे परीक्षेला बसल्यासारखे ओळीने बसले. दोधूभाऊंनी विचारलं, “मॅडम, निळा पेन का काळा?” कुठलाही चालेल म्हटलं, तर त्यांना ते फारसं पटलं नाही. पंधरा मिनिटांत बाराही कागद परत! मी खूश. इतकं सहकार्य मला वर्गातसुद्धा मिळत नाही.

शेंगा मात्र द्यायच्या राहिल्या.

१० जानेवारी

तीन वेळा बेरीज केली. बाराच्या बारा ‘तीव्र ताण’. पाठ्यपुस्तकातसुद्धा मी इतके आकडे पाहिलेले नाहीत.

झोप लागते का? बाराही जणांचं ‘कधीच नाही’. लहानशा आवाजाने दचकून उठता का? ‘नेहमी, ताबडतोब’. जुने प्रसंग सारखे आठवतात का? ‘सर्व, तारीखवार’. बारा माणसं आतून पार मोडून पडली आहेत आणि वरून चहा पीत बसली आहेत. चुनीलालभाऊ तर मला हसवत होते! म्हणजे तेही ढोंगच.

नगरपालिकेच्या कारकुनाचा फोन आला, आकडे तयार असतील तर आजच पाठवा. लगेच पाठवले. अशा वेळी उशीर करणं बरं नाही. नाशिकच्या तीन डॉक्टरांचे नंबरही काढून ठेवले.

१३ जानेवारी

दोधूभाऊंना एकीकडे बोलावलं. आवाज शक्य तितका मऊ करून म्हटलं, “भाऊ, तुम्हाला कधीपासून झोप नाही?”

ते ताठ झाले. “ड्युटीवर? मॅडम, छत्तीस वरीस मा एक डाव नही झोपनू.”

“आणि घरी?”

“घर तं मस्त घोरस. बायको पोरना खोलीमा जाई झोपस.”

मग उलगडा झाला. त्यांना वाटलं होतं खात्याची चौकशी आहे. मागे एकाला ड्युटीवर डुलकी लागली म्हणून मेमो मिळाला होता. “कागद उना म्हंजे चौकशीच ना मॅडम. झोप लागस असं लिखं तं मेमो हातमा.” म्हणून त्यांनी एक कागद भरला आणि अकरा जणांनी तो उतरवला. दचकून उठता का, म्हणजे वर्दी, आगीचा किंवा मदतीचा निरोप, आली की ताबडतोब उठता का. जुन्या वर्द्या तारीखवार पाठ असणं हा तर त्यांचा अभिमान. ‘एकटे राहावेसे वाटते का’ याला बाराही जणांनी लिहिलंय: ‘नाही. नियमानुसार सोबत दोन कर्मचारी असतात.’

मी इतकी हसले की चहा ओढणीवर सांडला. चुनीलालभाऊ गंभीरपणे म्हणाले, “मॅडमले बी ताण शे वाटस.”

हसू मावळलं ते दुपारी. मुख्याधिकारी साहेबांनी बोलावून घेतलं. माझे आकडे त्यांच्या टेबलावर होते. चांगला माणूस आहे, पण प्रत्येक गोष्टीचं कारण त्यांना लेखी लागतं. पन्नाशीच्या पुढचा माणूस, तीव्र ताण, आणि गाडीवर? त्यांनी दोधूभाऊंना एक मार्चपासून जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवायचं ठरवलंय. मी चूक समजावून सांगितली. ते म्हणाले, “मग फेब्रुवारीअखेर नवा अहवाल द्या. या माणसाला ताण पेलतो, हे मला कागदावर दिसलं पाहिजे.”

छत्तीस वर्षं आग विझवणारा माणूस माझ्या एका घाईने खिडकीत जाऊन बसणार. मी परत केंद्रावर जाऊन सांगितलं. दोधूभाऊंनी जरा विचार केला.

“जन्म-मृत्यूनी खिडकी? बापरे. तठे तं आखो जास्त ताण शे.”

सगळे हसले. तेही हसले. नंतर मात्र ते गाडीपाशी गेले आणि पुसलेला आरसा पुन्हा पुसत बसले.

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन गेले, सोबत शेंगाही. शेंगांचं स्वागत जास्त झालं.

२२ जानेवारी

मुलाखती फसल्या. दोधूभाऊंना चार दिवसांत बत्तीस प्रश्न विचारले. उत्तर एकच: “बरं शे.”

आज मात्र मी तिथे असताना वर्दी आली. गावाबाहेर चाऱ्याच्या गंजीला आग. पाच जण गेले, दोन तासांनी काळेठिक्कर होऊन परतले. मी वही उघडून तयार. पण एकजण काही बोलेल तर शपथ. गाडीवरून वापरलेला पाइप उतरवला, जमिनीवर लांब पसरला, आणि दोघे दोन बाजूंनी ब्रशने घासत चालले. मग मनोऱ्यावर टांगला. पाळी बदलली, दुसरे आले, पण हे पाच जण घरी गेले नाहीत. टांगलेल्या पाइपाखाली बसले आणि शेंगा फोडू लागले.

काजलने हळूच सांगितलं, “पाइप वाळेपर्यंत वर्दीवाल्यानं घरी जायचं नाही. आणि इथं बसून वर्दीची गोष्ट सांगायची. पण स्वतः येडा ठरला पाहिजे. ज्यानं बढाई मारली, त्यानं पाइप परत धुवायचा, एकट्यानं.”

मग सुरू झालं. चुनीलालभाऊंनी गाडी मागे घेताना स्वतःच्याच चपला चिरडल्या होत्या. उदेसिंग म्हणाला, “मी ज्या म्हशीला धीर देत होतो, ती शांतच होती. माझाच आवाज कापत होता.” काजलने मालकाच्या आजोबांना पाणी प्यायला देते म्हणून चुकून नोझल उघडलं होतं. दोन तासांत पाइप वाळला आणि सगळे घरी गेले.

पाइप धुताना मी एक टोक उचलायला गेले होते. दोधूभाऊ पटकन आडवे आले. “नही मॅडम. जो वर्दीवर गया, तोच हात लावस.” मला उगाच वाईट वाटलं.

वहीत नोंद केली: प्रसंग विनोदात उडवणे. भावना टाळणे. घरापासून दुरावा. शेवटचा शब्द लिहिताना आप्पा आठवले.

२७ जानेवारी

नीट समजावून पुन्हा कागद भरून घेतले. या वेळी बाराही जणांचा ताण शून्य. एकूण एक उत्तर: ‘ठणठणीत’. दोधूभाऊ अभिमानाने म्हणाले, “आते बराबर शे ना?”

साहेबांना हे दाखवलं तर ते मला खिडकीवर बसवतील.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस हलका नव्हता.

सकाळी एका शेतातल्या झोपडीला आग लागली. राखण करणारे म्हातारे बाबा आत होते. उदेसिंगने त्यांना उचलून बाहेर आणलं. ते गाडीत जिवंत होते, दवाखान्याच्या दारात गेले.

मी दुपारी पोचले तेव्हा पाइप टांगलेला होता आणि सगळे खाली बसले होते. चुनीलालभाऊंनी गोष्ट सुरू केली, ती मध्येच विझली. काजलने सुरू केली, तिचीही. उदेसिंग शेंगा फोडत होता आणि दाणे परत टरफलातच ठेवत होता. कोणी त्याला काही विचारलं नाही. मला विचारायचं होतं, पण दोधूभाऊंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तीनच्या सुमारास पाइप जवळजवळ वाळला होता. दोधूभाऊ उठले, हात लावून पाहिला, आणि बादलीभर पाणी आणून वरून ओतलं. ओला केला! परत येऊन बसले. चारला पुन्हा तेच. पाचच्या आधी पुन्हा. मी घाबरून वहीत लिहिलं: विसर पडतो. एकच कृती पुन्हा पुन्हा. हे साहेबांना कळलं तर? लिहून खोडलं.

तिसऱ्या बादलीनंतर उदेसिंग बोलला. “बाबा म्हणाले, माझ्या बिड्या आत राहिल्या. मी म्हणालो, बाबा, धूर तब्येतीला वाईट असतो.” हातातलं टरफल टाकलं. “जळत्या झोपडीतून काढताना मी त्यांना हे सांगितलं.”

पहिला तोच हसला. मग सगळे हसले, काजल डोळे पुसत हसली. तो बराच वेळ बोलत राहिला, बाबांच्या धोतराबद्दल, त्यांच्या हलकेपणाबद्दल. दोधूभाऊंनी पाइपला हात लावला. “वाळना,” ते म्हणाले. सगळे उठले.

९ फेब्रुवारी, रविवार

पाइपांचं जुनं रजिस्टर घरी आणलंय. आकड्यांतून काही हाती लागेल म्हणून. अकरा वर्षांची पानं दोधूभाऊंच्या अक्षरातली. वर्दीची तारीख, ठिकाण, पाइप क्रमांक, आणि शेवटचा रकाना: पाइप वाळण्यास लागलेला वेळ.

हा रकाना विचित्र आहे. श्रावणात एक तास वीस मिनिटं. आणि मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे पापड ताटात टाकेपर्यंत वाळतो, तेव्हा नऊ तास. एके ठिकाणी चौदा. पाइप तोच, मनोरा तोच. घड्याळ बिघडलं असेल किंवा दोधूभाऊ अंदाजे लिहीत असतील. दुसरं काही सुचत नाही. अहवालाला वीस दिवस उरले.

१६ फेब्रुवारी, रविवार

मायपुढे रजिस्टर उघडून बसले होते. वैतागून म्हटलं, “मे महिनामा पाइप नऊ तास ओला कसा ऱ्हास, माय?”

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. “कोनी ओला करस म्हनी.”

“कोण करेल?”

“तुन्हा बाप करे.”

मग तिने सांगितलं. माझ्या निकालाच्या दिवशी ज्या आगीवर आप्पा गेले होते, तिथे एक मुलगी दगावली. माझ्याच वयाची. बाकीच्यांचा पाइप संध्याकाळी वाळला. आप्पांनी तो ओला केला. रात्री केला, पहाटे केला. त्यांच्या बंबावरच्या जोडीदाराने सकाळी घरी येऊन मायला सांगितलं, की त्याला अजून हसू येत नाहीये, हसू आलं की घरी येईल.

“म्हने, रडतं तोंड लिसनी पोरना पेढा कशा खावू?” माय म्हणाली. “मंग हसू उनं तव्हय घर उना. पेढा लिसनी.”

मी विचारलं, इतकी वर्षं मला का नाही सांगितलं.

“तू कधी इचारंच नही,” ती म्हणाली. “सगळा गावले इचारत फिरस.”

आम्ही दोघी हसलो. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

परत येऊन रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. आता ते घड्याळ बिघडलेलं नव्हतं. एक तास वीस मिनिटं: झाडावर अडकलेलं मांजर. नऊ तास: नदीवर बुडालेली दोन भावंडं. या दोन्ही ठिकाणी तर पाइप लागलाही नसेल, तरी तो ओला झाला होता. चौदा तास: दोधूभाऊंच्या स्वतःच्या गावची आग. माझे चाळीस प्रश्न जे विचारत होते, त्याचं उत्तर ही माणसं अकरा वर्षं रोज लिहीत आली होती, आणि खरं लिहीत आली होती. ताण किती, आणि तो उतरायला वेळ किती लागला. आणि कोणाला अजून घरी पाठवायचं नाही, हे ओळखणारा माणूस कोण, तेही.

१८ फेब्रुवारी

रजिस्टर परत द्यायला गेले. आज वर्दी नव्हती. सकाळपासून गाडी हललीही नव्हती. दारात दोधूभाऊ भेटले. त्यांनी रजिस्टर घेतलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि “उनू”, आलोच, असं म्हणून मागे गेले. बादलीचा आवाज आला.

मी मागे गेले तेव्हा मनोऱ्यावरच्या एका पाइपातून पाणी ठिबकत होतं. दोधूभाऊंची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

“पाइप ओला शे,” ते म्हणाले. “बठा ताई.”

आजवर मी मॅडम होते.

का ओला, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, या कामात मी सुधारते आहे.

काजल आली, उदेसिंग आला, चुनीलालभाऊ शेंगा घेऊन आले. त्यांनी आपापला वेडेपणा सांगितला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझी पाळी आहे हे मला कळलं. मी नाशिकच्या तीन डॉक्टरांचे नंबर सांगितले. बारा माणसं, तीन डॉक्टर, प्रत्येकी चार, अशी मी केलेली वाटणी सांगितली. चुनीलालभाऊ हसून हसून मागे कलंडले. मग आप्पांचं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, “एका ओल्या पाइपवर मी अठ्ठावीस वर्षं रुसून होते.”

कोणी ‘वाईट झालं’ म्हटलं नाही. उदेसिंगने विचारलं, “मग तो पेढा कोणी खाल्ला?”

“मायनं. एकटीनं. पुडा संपवला.”

हे मला सांगता सांगताच आठवलं. हसू आवरेना. ऊन कलायला लागलं तेव्हा दोधूभाऊंनी पाइपला हात लावला. “वाळना. जा ताई, घर जा.”

२५ फेब्रुवारी

हात अजून चुरचुरताहेत, डोळे सुजलेत, आणि असा दिवस मी कित्येक वर्षांत पाहिला नाही.

गावाबाहेर मिरचीच्या पथारीला आग लागली. वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या एका टोकाला ठिणगी पडली होती. गाडी निघाली, मी स्कूटीवर लांबून मागे. कोणाला काही झालं नाही हे आधी लिहिते. पण वारा फिरला आणि मिरचीचा धूर रस्त्यावर आला. पोलीस रडायला लागला. रसवंतीवाला रडायला लागला. त्यातच एक वरात येऊन अडकली. बँडवाल्यांना फुंकता येईना, घोडीवर नवरदेव ढसाढसा रडतोय, आणि नवऱ्याची आत्या खोकत खोकत ओरडतेय, “अरे, रडानं काम पोरीकडलासनं शे!”

पथारीवर मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बायकांना मात्र काहीच होत नव्हतं. त्या कमरेवर हात ठेवून आमच्या फौजेकडे पाहत होत्या. त्यांतल्या सुगंधाबाई ताकाची कळशी घेऊन आल्या आणि दोधूभाऊंच्या तोंडावर ताक मारत म्हणाल्या, “ये बंबवाला, इतला मोठा मानूस नि रडी काय ऱ्हायना?” मग त्यांनी माझ्याही तोंडावर मारलं. मिशीतून ताक ठिबकत दोधूभाऊ म्हणाले, “वर्षभरनं रडनं एकच दिनमा उरकी लिधं!”

आणि खरंच, ते सगळे रडत होते. उदेसिंग, चुनीलालभाऊ, काजल. पाइप धरून, पाणी मारत, नाकं ओढत, हसत. मीही रडले, कशाकशासाठी ते मिरचीलाच ठाऊक.

परतल्यावर पाइप जमिनीवर पसरला. मी सवयीने बाजूला उभी राहिले. दोधूभाऊ म्हणाले, “वर्दीवर गयात ना? मंग धरा.” मी टोक धरलं. भिजलेलं कापड इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. आणि मिरचीने हाताची अशी आग झाली की मी किंचाळले. सगळे ज्याची वाट पाहत होते ते हेच असावं.

रजिस्टरात नोंद: पंचावन्न मिनिटं. दोधूभाऊ म्हणाले, अकरा वर्षांतला हा सगळ्यात लवकर वाळलेला पाइप.

२८ फेब्रुवारी

अहवाल दिला. शेवटच्या रकान्याचा तक्ता जोडला. लिहिलं, की या केंद्रात ताण मोजण्याची आणि उतरवण्याची पद्धत आमच्या प्रश्नावलीपेक्षा जुनी आणि अचूक आहे, आणि ती दोधूभाऊंच्या हातात आहे. त्यांना गाडीवरून काढणं म्हणजे पाइप वाळवणारा मनोराच काढणं. हे शेवटचं वाक्य जरा सजवलेलं झालं, पण राहू दिलं.

३ मार्च

साहेबांनी अहवाल पूर्ण वाचला. दोधूभाऊ गाडीवरच राहणार! मी फोनवरच मोठ्याने “थँक्यू” म्हणाले, वर्गात मुलं बसलेली असताना.

मग साहेब म्हणाले, “पण तो रकाना चांगला दाखवलात. मी मूळ रजिस्टरच मागवून पाहिलं. यापुढे दोन तासांपेक्षा जास्त वेळ दिसला तर दोधूंनी लेखी कारण द्यायचं. मागच्या वर्षाची सगळी कारणंही पंधरा दिवसांत पाहिजेत. आणि १८ फेब्रुवारीला वर्दी नसताना पाइप ओला कसा? चार तास दहा मिनिटं?”

ती नोंद मी पाहिलीच नव्हती. वर्दी: नाही. ठिकाण: केंद्र. वेळ: चार तास दहा मिनिटं. माझे चार तास दहा मिनिटं.

दुसऱ्यांदा मीच घात केला. पहिल्यांदा घाईने, आता कौतुकाने.

धावत केंद्रावर गेले. मेमो आधीच पोचला होता. दोधूभाऊंनी तो घडी करून खिशात ठेवला होता. ते माझ्यावर चिडले असते तर बरं वाटलं असतं. “ताई, कागद उना म्हंजे चौकशीच,” ते हसून म्हणाले. “त्या रकानानं कारन मी लिखाव नही. कोनं पोर हसनं नही, कव्हय हसनं, हाई कागदवर नही ऱ्हास. खिडकीवर बसानं तं बससू.”

“मी काहीतरी करते,” मी म्हटलं.

“कर,” चुनीलालभाऊ म्हणाले. “पन प्रश्न इचारू नको.”

१२ मार्च

उद्या होळी. उदेसिंगला सुट्टी नाही, होळीला बंब गावातच लागतो. तरी सकाळपासून तो पायाने ढोलाचा ठेका धरतोय. त्याच्या गावाकडून कोणीतरी मोहाची फुलं पाठवलीत, केंद्रभर वास सुटलाय. काजलने पुरणपोळीची वर्गणी नाकारून सगळ्यांच्या घरून एकेक पोळी आणायचा हुकूम काढलाय.

मी अर्ज लिहिला. बाराही जणांनी खाली सह्या केल्या. मजकूर न वाचता, पण निळा पेन की काळा हे विचारून. मायला वाचून दाखवला तेव्हा तिने निवडायचं ताट बाजूला ठेवलं. आयुष्यात मी वाचलेल्या कुठल्याही कागदासाठी तिने ताट ठेवलेलं मला आठवत नाही.

“शेवट तू बी तेच लिखं ना,” ती म्हणाली.

साहेब नाही म्हणतील. कारणाशिवाय त्यांच्या टेबलावरून पेन्सिलसुद्धा हलत नाही, आणि मी तर कारण न देण्यासाठीच अर्ज करते आहे. तरी उद्या होळीच्या आधी नेऊन देणार. इथे उतरवून ठेवते:

मा. मुख्याधिकारी साहेब यांस,

अग्निशमन केंद्रातील पाइप वाळला की नाही हे ठरवण्याचा अधिकार श्री. दोधू यांच्याकडेच असावा. ते निवृत्त होतील तेव्हा त्यांनी शिकवलेल्या माणसाकडे असावा. त्यांच्याकडून कारण मागवणारा मेमो परत घ्यावा. दि. १८ फेब्रुवारीच्या नोंदीचं कारण मला माहीत आहे, ते बरोबर आहे, आणि मी ते लिहून देणार नाही.

त्या रकान्यात वेळ कितीही दिसो, कृपया कोणी काही विचारू नये, ही विनंती.